चार आण्यांचा बेडूक

साकोलीच्या कॉलेजात एका बेडकाचे चार आणे मिळत,
मोठ्याचे सहा. मेलेल्याचे काहीच नाही.
बाबा कंदील धरायचा, मी पोतं.
बोडीच्या काठावर उजेड पडला
की बेडूक जिथल्या तिथे थिजायचे.
का, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

मांडवगडे सरांनी एकदा आत बोलावलं.
टेबलावर नुसती मांडी, बाकीचा बेडूक बादलीत.
तारेचं टोक लावलं, मांडी उडाली.
"मेला ना तो?"
"तो मेला. मांडीला अजून कुणी कळवलं नाही."
मी आठवीत होते, हातात रिकामं पोतं.

त्या एका वाक्यावर मी एकतीस वर्षं काढली.

पेशीचं आवरण म्हणजे काय, असं कुणी विचारलं
की मी बोडीच सांगते.
माय जवसाच्या तेलाचं गाडगं काठावर घासायची,
थेंब पाण्यावर पसरत जाई, पसरत जाई,
आणि एका जागी थांबे,
याहून पातळ होणं त्याला जमतच नसे.
तेवढंच असतं ते. दोन रेणूंच्या जाडीचं तेल,
आत एक पाणी, बाहेर एक पाणी,
आणि त्या तेलात तरंगणारी दारं.

दार म्हटल्यावर बाबा हसला.
"जारंच म्हन ना. कोनाले सोडाचा,
कोनाले धराचा, भोकच ठरवते."
नाही बाबा. जाळं कुणाचं ऐकत नाही.
हे दार हाक मारल्यावर उघडतं,
तीही एकाच आवाजातली हाक.
तो जाळ्याची गाठ मारत राहिला.
"मंग आवाज कोनाचा, पुस्तकले?"

हैदराबादच्या तळघरात
मी आफ्रिकेतल्या बेडकीची अंडी घेऊन बसले.
मोहरीएवढं अंडं, अर्धं काळं, अर्धं दुधी.
त्यात उंदराच्या मेंदूतली चिठ्ठी टोचायची,
तीन दिवसांत अंडं ती वाचून
स्वतःच्या अंगावर परकं दार उभं करतं.
काचेच्या नळीचं टोक एका दाराला चिकटवलं,
उघडलं. मिटलं. उघडलं.
स्पीकरमधून कट्. कट्कट्.
रात्री दोनला ऐकणारी मी एकटी.

आमचं औषध त्या दारात जाऊन बसायचं,
उघडायचं मात्र नाही.
एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल,
माणूस नाही, पण जागा गेली.
परिषदेत हे सांगितलं तर पुण्याचे लोक हसले,
एका जर्मन बाईने रुमालाचं चित्र मागितलं.
सोळा वर्षं गेली त्या रुमालावर.
उंदरांना चाललं,
माणसांच्या यकृताला नाही.
कंपनीचं पत्र तीन ओळींचं, त्यातली एक आभाराची.

माझ्या नावावर टिकलं ते लहानसं आहे:
तीच हाक सारखी मारत राहिलं
तर दार किती वेळाने ऐकेनासं होतं.
अडीच सेकंद.
हाक थांबवली तर पुन्हा ऐकू यायला दोन मिनिटं.
आलेख चांगला आलाय, अजून कुणी कुणी वापरतात.

बाबाचा फोन दर रविवारी यायचा.
मी तक्ते भरत असायचे.

आता कॉलेजात बेडूक संगणकातच चिरतात.
बोडी संस्थेने ठेक्याने घेतलीय, मधोमध शिंगाड्याची वेल.
जाळं खुंटीवर, एक गाठ अर्धी.
काल रात्री टॉर्च घेऊन काठावर गेले,
पाऊल वाजलं आणि सगळे गप्प.
उजेडात एक थिजलेला, मोठा,
सहा आण्यांचा.
मी टॉर्च विझवला.
सवयीने मोजत बसले.
दोन मिनिटं झाली, काही नाही.
तीन.
मच्छर चावत होते, उठावंसं वाटत होतं.
चौथ्यात कधीतरी पलीकडच्या काठावरून एकच,
खरखरीत.
मग बराच वेळ पुन्हा काही नाही.